सटाण्याला गेलेला रिपोर्ट

ईरा आणि निहार,

तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आजीने लॅबमधल्या 'भारी केसेस' लिहून द्याव्यात, असा निरोप तुमच्या आईकडून आला. भारी केसेस माझ्याकडे फारशा नाहीत. लॅबमधल्या माणसाला पेशंट दिसतच नाही. त्याला दिसते ती बोटाएवढी काचेची नळी, तिच्यावरची चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवरचा नंबर. नाशिकला शालिमारजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, मी अशा नळ्यांबरोबर बरीच वर्षे काढली. त्यातल्या एका नळीमागची बाई जिना चढून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्याबद्दल लिहिते. तुम्ही दोघे आता मोठे आहात, त्यामुळे शब्द चाचपडत बसत नाही.

आधी कामाबद्दल, म्हणजे पुढचे कळेल. कोविडच्या दिवसांत निहारने मला फोनवर अर्धा तास अँटीबॉडी म्हणजे काय ते समजावून सांगितले होते. मी मध्ये बोलले नाही, कारण तो चांगले सांगत होता. फक्त एक गोष्ट त्याच्या सांगण्यात राहिली होती. अँटीबॉडी सापडली म्हणजे जंतू कधीतरी येऊन गेला एवढे कळते. कधी आला, कुठून आला, अजून आहे का, हे तिला विचारून बहुतेक वेळा कळत नाही.

क्लॅमिडिया नावाचा एक जंतू आहे. तो शरीराच्या पेशींच्या आत शिरून राहतो, त्यामुळे साध्या लॅबमध्ये वाढवून बघता येत नाही. तो स्त्रीपुरुष संबंधांतून पसरतो आणि पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. बाईला वर्षानुवर्षे पत्ता नसतो. मग मूल होत नाही म्हणून ती डॉक्टरांकडे जाते, आणि गर्भनलिका बंद झालेल्या निघतात. जंतू हाती लागत नाही म्हणून रक्तात त्याच्या विरुद्धच्या अँटीबॉडी शोधायच्या, ही तपासणी नव्वदच्या दशकात आमच्याकडे आली. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात वाटाण्याएवढ्या शहाण्णव वाट्या. वाट्यांच्या तळाला जंतूचे अंश चिकटवलेले. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग राहतो, ते सीरम. ते वाटीत घालायचे, धुवायचे, दुसरे औषध घालायचे, पुन्हा धुवायचे. अँटीबॉडी असेल तर वाटी पिवळी होते. धुण्यात आळस केला तर सगळ्याच वाट्या पिवळ्या होतात. माझ्या ताटल्या कधी सगळ्या पिवळ्या झाल्या नाहीत, एवढी बढाई मारू द्या.

अँटीबॉडी दोन प्रकारच्या बघायच्या. आम्ही त्यांना नुसते 'एम' आणि 'जी' म्हणत असू. एम लवकर येते आणि काही महिन्यांत जाते. जी मागून येते आणि कितीतरी वर्षे राहते. शिवाय या जंतूची भावंडे आहेत. एक साधा खोकला आणते, एक पक्ष्यांकडून येते. त्या वेळच्या किटला ही भावंडे नेहमीच वेगळी ओळखता येत नसत. किटच्या खोक्यातल्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेले असे. माझे शिक्षण इंग्रजी शाळेतले असल्यामुळे तो कागद वाचायचे काम माझ्याकडेच होते. मी तो वाचला होता. आमच्या रिपोर्टवर मात्र त्यातली एक ओळही नव्हती.

नीट विचारले तर रक्त नीट उत्तर देते, हेही मी पाहिले होते. जुन्या नाशकात भांड्यांना कल्हई करणारे एक चाचा होते. त्यांच्या गच्चीवर कबुतरे होती. ताप आणि कोरडा खोकला हटेना, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना त्या पक्ष्यांवाल्या भावंडाची शंका आली. अशा वेळी एकदा रक्त घेऊन भागत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे आणि दोन्ही एकत्र तपासायचे. अँटीबॉडी चौपट किंवा जास्त वाढली असेल तर आजार आत्ताचा. चाचांना दुसऱ्यांदा बोलावले, तर ते बाही वर न करताच उभे राहिले.

"पहलेवाला खतम हो गया क्या, मॅडम? इंजेक्शन भरके लिया था आपने."

"संपलं नाही चाचा. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं आहे, वाढलंय का ते."

"और कबूतरों का निकला तो?"

"तर तुम्हाला औषध, आणि खुराडं साफ करताना तोंडाला फडकं."

"उनको मत बताना. बुरा मान जाएंगे," असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. नमुने मुंबईला गेले, अँटीबॉडी आठपट वाढलेली निघाली, औषध बदलले, चाचा बरे झाले. रक्ताने स्पष्ट सांगितले, कारण आम्ही त्याला दोनदा विचारले होते.

मूल न होणाऱ्या बायकांच्या रक्ताला आम्ही एकदाच विचारत असू. आणि फक्त बायकांच्या. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी क्वचित येई. हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

आता काउंटरबद्दल. रिपोर्ट इंग्रजीत टाइप केलेला असे, आणि जो पावती आणेल त्याच्या हातात पाकीट द्यायचे, अशी सगळीकडेच पद्धत होती. दीर येई, सासरा येई, गावातून नाशिकला काही कामाने आलेला शेजारी येई. पाकीट फोडून माणूस कागद उलटसुलट करी आणि म्हणे, "मॅडम, जरा वाचून सांगा ना." पुष्कळ लॅबमध्ये 'डॉक्टरांना दाखवा' म्हणून परत पाठवत. मी वाचून सांगत असे. लांबून आलेल्या माणसाला रात्रभर तळमळत ठेवू नये, असे मला वाटे. आमच्या डॉक्टरांना ते पसंत नव्हते, पण माझ्यामुळे लोक लॅबचे नाव काढतात हे त्यांना माहीत होते, म्हणून ते बोलत नसत.

चैत्राच्या सुरुवातीला सटाण्याहून एक गृहस्थ पावती घेऊन आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात ट्रॅक्टरच्या कुठल्याशा सुट्या भागाची पिशवी. रिपोर्ट त्यांच्या धाकट्या भावजयीचा होता. तिचे नाव मनीषा, लग्नाला तीन वर्षे, मूल नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"काय निघालं, मॅडम?"

एम निगेटिव्ह होती, जी पॉझिटिव्ह. मी त्यांना सांगितले की एका जंतूच्या विरुद्धचे द्रव्य रक्तात सापडले आहे.

"हा कशाचा जंतू?"

मी उत्तर टाळले. म्हटले, ते तिच्या डॉक्टरीणबाई सांगतील.

"वाईट आहे का काही?"

त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटले, यांना धीर द्यावा. मी म्हटले, "काळजी करू नका. ताजं काही नाहीये. जुनं आहे, केव्हाचं तरी जुनं."

त्यांनी कागदाच्या चार घड्या घालून खिशात ठेवला, नमस्कार केला आणि ते गेले. त्या दिवशी घरी जाताना मी ते वाक्य पूर्ण विसरले होते.

पंधरा दिवसांनी, चैत्राची यात्रा नुकतीच संपली असताना, दुपारी काउंटर रिकामा होता तेव्हा एक मुलगी आली. तेविशीची असेल. कपाळभर कुंकू, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली, चपला धुळीने पांढऱ्या. ती सरळ मला म्हणाली, "रिपोर्ट वाचून सांगत्या त्या मॅडम तुम्हीच ना? मी मनीषा. सटाण्याची."

मी तिला आतल्या बाकावर बसवले. ती वणीच्या गडावर ओटी भरायला जाते असे सांगून घरातून निघाली होती. गडावर गेलीही होती, आणि तिथून खाली येऊन तिने नाशिकची गाडी धरली होती. संध्याकाळच्या आत परत पोचायचे होते.

"मॅडम, एकच विचारते. जुनं म्हंजे किती जुनं, हे रक्तात लिहिलेलं असतं का?"

"नाही," मी म्हटले. "का?"

"मग तुम्ही जेठांना जुनं हाय असं कसं काय सांगितलं?"

तेव्हा मला ते वाक्य आठवले. तो जंतू कशाचा हे जेठांनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांनी, सटाण्याच्या औषधाच्या दुकानात विचारले होते. दुकानदाराने डोळे मिचकावून सांगितले. मग घरात हिशेब सोपा झाला. लग्नाला तीन वर्षे. लॅबची बाई म्हणते केव्हाचे तरी जुने. म्हणजे लग्नाआधीचे. म्हणजे मुलगी तशीच आली.

"घरात कोणी भांडलं का?"

"भांडले असते तर बरं होतं. कोणी बोलतच नाय. सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाय. आणि आखाजीला माहेरी जा म्हणतात. चार लुगडी ज्यास्त घेऊन जा म्हणतात."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत लेकी त्या सणाला माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि आठ-दहा दिवसांनी सासरचे कोणी येऊन त्यांना घेऊन जाते. पाठवणी करताना कपडे जास्त द्यायचे आणि नंतर न्यायला कोणी जायचेच नाही, हा बायको टाकण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग होता. पंचायत नाही, कोर्ट नाही, मारहाण नाही. मुलगी सणाला गेली ती राहिली. लोक वर्षभराने विचारतात, तोवर सगळे जुने झालेले असते.

"आणि तुझा नवरा?"

"ते सातपूरला कंपनीत फिटर हायेत. रूम करून राहतात. सुट्टीला येतात. त्यांना सगळं माहिती हाय."

"तो काय म्हणाला?"

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "म्हणाले, आखाजीला जाऊन ये."

मग ती एकदम पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, मी देवीची शपथ घेऊन सांगते..."

मी तिला थांबवले. "इथे शपथ लागत नाही. तू काही सिद्ध करायला आलेली नाहीस. चूक मी केली आहे."

चूक म्हणजे नेमकी काय, ते तिला समजावले. जी अँटीबॉडी सहा महिन्यांपूर्वीच्या संसर्गाचीही असू शकते आणि सहा वर्षांपूर्वीच्याही. नवऱ्याकडून लग्नानंतर आलेली असू शकते. खोकल्याच्या भावंडाची असू शकते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे तुम्ही मला सांगून काय उपयोग? मला तर माहितीच हाय." तिचे बरोबर होते. आखाजीला तेरा दिवस राहिले होते.

ती गेल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळे सांगितले. ते चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"म्हणून मी म्हणत होतो, वाचून दाखवू नका."

"हो, सर."

"आता काय करणार? सटाण्याला जाऊन दवंडी पिटणार?"

"नवऱ्याचं रक्त तपासायला हवं."

"त्याने तारीख कळणार आहे का?"

"नाही. पण प्रश्न एकटीच्या अंगावर राहणार नाही."

मनीषाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी मला दोन कडक वाक्ये ऐकवली, ती मी ऐकून घेतली, आणि नवऱ्याला बोलावून चिठ्ठी द्यायचे त्यांनी कबूल केले. चिठ्ठीवर लिहिले होते की उपचार करायचे तर दोघांचे, म्हणून दोघांची तपासणी हवी. त्याच दिवशी डॉक्टरांनी आणि मी काउंटरसाठी नवा नियम ठरवला. या तपासणीचा रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, पावती कोणाकडेही असो. मी तो स्वच्छ अक्षरात लिहून काचेखाली सरकवला. तो नियम दहा दिवसांच्या आत माझ्याच अंगावर येईल, हे तेव्हा लक्षात आले नाही.

राजेंद्र, म्हणजे मनीषाचा नवरा, पहिली पाळी संपवून आला. उंच, गप्प मुलगा, नखांत काळे ग्रीस. मी दंडाला रबरी पट्टा बांधत असताना तो म्हणाला, "मला काही त्रास नाही, मॅडम."

"पुरुषांना पुष्कळदा नसतोच."

"कधीच नसतो?"

"कोणाला असतो. लघवीला जळजळ वगैरे, थोडे दिवस. गोळ्या घेतल्या की थांबते, आणि माणूस विसरून जातो."

त्याचा हात माझ्या हातात होता, त्यामुळे मला कळले. तो ताठ झाला. सुई काढल्यावर कापूस दाबून धरायला सांगितला, तर तो आवश्यकतेपेक्षा कितीतरी वेळ त्या कापसाकडे बघत बसला.

ताटली आम्ही गुरुवारी लावत असू, कारण थोड्या नमुन्यांसाठी किट फोडणे परवडत नसे. त्या गुरुवारी मी कोणाला हात लावू दिला नाही. मनीषाचे उरलेले सीरम फ्रीजरमध्ये होते, तेही शेजारच्या वाटीत घातले. दोन्ही वाट्या पिवळ्या झाल्या. त्याची तर तिच्यापेक्षा गडद. आखाजी पुढच्या मंगळवारी होती.

शुक्रवारी सकाळी दार उघडून पांढरी टोपी आत आली. त्यांच्यामागून त्यांची आई, नऊवारीतली म्हातारी, जिना चढून दम लागलेली. जेठांनी राजेंद्रची पावती काउंटरवर ठेवली. भावाच्या रूमवर जाऊन त्यांनी ती आणली होती.

"हा रिपोर्ट द्या."

मी काचेखालच्या कागदावर बोट ठेवले. "हा त्यांनाच मिळेल. त्यांना पाठवा."

"मागच्या वेळी दिला की मला!"

"चुकीचं केलं मागच्या वेळी."

"वा! बाईचा रिपोर्ट गावभर वाचून दाखवता आणि माणसाचा झाकता?"

काउंटरवर आणखी तिघे उभे होते.  ते म्हणाले त्यात खोटे काहीच नव्हते. मी दोघांना आत नेऊन बाकावर बसवले. त्याच बाकावर नऊ दिवसांपूर्वी मनीषा बसली होती.

म्हातारीने पदराने तोंड पुसले आणि जेठांना हाताने गप्प करून अहिराणीत विचारले. "बाई, तू शिकेल शे. मी अडाणी. मले खरं सांग. हाऊ रोग जुना शे का नवा?"

"मावशी, ते रक्तावरून कळत नाही. मी 'जुनं' म्हटलं ती माझी चूक. धीर द्यायला म्हटलं."

"धीर द्याले!" जेठ म्हणाले.

म्हातारीच्या गालांवर देवीचे वण होते. मी म्हटले, "मावशी, तुम्हाला देवी कधी आल्या होत्या?"

"ल्हान व्हतू."

"वण अजून आहेत. आज देवी आहेत का अंगात? तसंच असतं हे. वण बघून कोणी वर्ष सांगू शकत नाही, आणि कोणाच्या घरून आल्या तेही सांगू शकत नाही."

मला वाटले, पटले. म्हातारीने गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, "देवी ती देवी. तिनी कृपा व्हती. हाऊ रोग देवी नही देत."

 माझ्या मागच्या कप्प्यात, दोन हातांवर, या प्रकरणाचे निम्मे उत्तर पाकिटात बंद होते. एक वाक्य बोलले असते तर मनीषाचे ओझे जागच्या जागी अर्धे झाले असते. तिचे गुपित मी फोडले तेव्हा मला कोणता नियम आड आला नव्हता, आणि आता ज्याच्या गप्प बसण्याने हे सगळे चालले होते त्याचे मी राखत होते. आजही मला ते बरोबर वाटते, आणि आजही मला त्याचा राग येतो.

म्हातारी काठी टेकून उठली. दारापाशी थांबली. "मना पोऱ्यानं काय निंघनं?"

"त्यालाच विचारा, मावशी."

"काही नही निंघनं व्हतं, त सांगी देती ना तू," ती म्हणाली. अगदी हळू, मोठ्या मुलाला ऐकू जाणार नाही असे. आणि जिना उतरू लागली.

काही निघाले नसते तर मी सांगून टाकले असते, एवढे तिने ओळखले होते. तोंड बंद ठेवूनही मी बोलून गेले होते का, आणि बोलले असेन तर त्याने मनीषाचे भले होणार की आई मुलाला झाकायला आणखी घाई करणार, हे मला कळेना. त्या दिवशी मी एका नमुन्यावर चुकीचा नंबर टाकला. वेळेत लक्षात आले म्हणून निभावले.

शनिवारी राजेंद्र आला. पाकीट मी त्याच्या हातात दिले आणि आत बस म्हटले. त्याला आयटीआयमुळे इंग्रजी वाचता येत होते. एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"मॅडम, हे जुनं आहे की नवं?"

आई आणि बायको, दोघींनी विचारून झालेला प्रश्न होता.

"ते रक्त सांगत नाही," मी म्हटले. "तुम्ही सांगू शकता."

त्याने रिपोर्टची घडी घातली. मग खाली बघत म्हणाला, "लग्नाआधी रूमवर आम्ही सहा जण होतो. तेव्हा एकदा..."

"मला सांगून काय उपयोग? मी सटाण्याला राहत नाही."

मी हे जरा जोरात बोलले. तो दचकला. मी आवाज खाली आणला आणि त्याला सांगितले की या कागदानेही काही सिद्ध होत नाही, कोणाकडून कोणाला हे कोणतीही लॅब सांगणार नाही, गोळ्या मात्र दोघांनी एकाच वेळी घ्यायला हव्यात. "ती माहेरी राहिली तर हे औषध अर्धंच होईल," मी म्हटले. त्याने पाकीट शर्टच्या आत, बनियनला लागून ठेवले आणि गेला.

मंगळवारी आखाजी झाली. मनीषा माहेरी गेली असणार. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. लॅबमधल्या माणसाला कोणी कळवत नसते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा फोन वाजला. जेठ इतके मोठ्याने बोलत होते की मला दारात ऐकू येत होते. "तुमची लॅब खोटी आहे! माझ्या भावानं मोठ्या ठिकाणी दोघांचं रक्त तपासलं. काही नाही निघालं. त्यानं स्वतः जाऊन बायकोला घरी आणली. चांगल्या घरच्या पोरीची बदनामी केली तुम्ही! सगळ्या सटाण्यात सांगणार आहे मी!"

फोन ठेवल्यावर डॉक्टर लाल झाले होते. "कोणतं मोठं ठिकाण? आपण दोनदा तपासलं आहे. त्याला पत्र लिहा. दोन्ही रिपोर्ट बरोबर होते म्हणून लिहा, मी सही करतो."

मला मात्र हे मोठे ठिकाण कोणते ते कळले होते. ते राजेंद्रच्या डोक्यातच होते. तो आईसमोर आपले तोंड उघडू शकला नव्हता. त्याने बायकोला सोडवले ते आमच्या लॅबला खोटे पाडून. मला त्याचा फार राग आला. आपल्या स्वच्छ धुतलेल्या वाट्यांचा मला अभिमान होता, आणि तो सगळ्या बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यात, मातीत जाणार होता.

"सर, पत्र गेलं तर ती मुलगी परत माहेरी जाईल."

"मग आपण चुकलो असंच लोकांना वाटू द्यायचं?"

"आपण चुकलोच होतो, सर. वाट्यांमध्ये नाही. काउंटरवर."

 पत्र गेले नाही. पुढे डॉक्टरीणबाईंकडून कळले की दोघे एकत्र येऊन गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेले होते. मूल झाले का, मला माहीत नाही. ती म्हातारी या गोष्टीला फसली असेल, असे मात्र मला वाटत नाही. तिने मुलाला सुटायला एक वाट दिली, आणि सुनेलाही त्याच वाटेने आत घेतले, असा माझा समज आहे. सटाण्याकडून येणारे नमुने जवळजवळ बंद झाले. आमच्या रिपोर्टवर त्यानंतर खाली दोन ओळी छापल्या जाऊ लागल्या: या तपासणीवरून संसर्गाचा काळ किंवा उगम ठरवता येत नाही, पती-पत्नी दोघांची तपासणी करावी. मराठीत, ठळक अक्षरात.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी देवळ्याला एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी सटाण्याच्या एक बाई होत्या. गुडघ्यांसाठी नाशिकला रक्त तपासायचे म्हणत होत्या, आणि कुठे जावे याची चर्चा चालली होती. मी नाशिकची म्हटल्यावर त्या माझ्याकडे झुकल्या.

"ताई, त्या शालिमारजवळच्या लॅबमा नका जाऊ बरं. आमना गावनी एक पोर व्हती. त्यास्ना खोटा रिपोर्टमुळे तिना संसार मोडता मोडता वाचना."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी विचारले, "ती आता कुठे असते?"

"कथा जाई?" बाई पुरी मोडत म्हणाल्या, म्हणजे कुठे जाणार. "आपला घरमाच शे ती."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हटले. "नाही जाणार मी तिकडे."